ऋणमोचनाचा कीर्तनकार : श्रीसंत गाडगेबाबा

ज्याच्या भिंतीवर श्रीगाडगेबाबांची तसबीर नाही असे घर आपल्या समाजात क्वचितच आढळेल. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका हाती खराटा आणि जवळ मडक्याचे खापर, हे रूप आपल्या घरचे लहान मूलही ओळखते. परंतु तसबीर मूक असते. बाबांचे खरे सामर्थ्य त्यांच्या खराट्यात जेवढे होते, तेवढेच किंवा त्याहून अधिक त्यांच्या कंठात होते, हे तसबिरीवरून कळत नाही. सुमारे अर्धशतक हा पुरुष गावोगाव उभा राहून गात होता, गाता गाता प्रश्न विचारीत होता, आणि सहस्रावधी निरक्षर माणसांच्या मुखातून त्यांची उत्तरे वदवून घेत होता. धर्मशाळा, अन्नछत्रे, वसतिगृहे, शाळा ही सर्व त्या कंठाची फळे होत.

बाबांचे समग्र चरित्र सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ते कार्य प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांसारख्या समर्थ लेखकांनी पूर्वीच केले आहे. येथे आपणांस पाहावयाचे आहे ते इतकेच की, कीर्तन ही महाराष्ट्राची जुनी कला बाबांनी समाजसुधारणेच्या कामी कशी जुंपली, ती कला त्यांच्या कोणत्या दुःखातून घडली, आणि ज्या ज्ञातीत ते जन्मले त्या ज्ञातीवर, म्हणजे आपणांवर, त्यामुळे कोणते उत्तरदायित्व येऊन पडते.

वऱ्हाडातील गावगाडा आणि आपली ज्ञाती

परिटाला वऱ्हाडात वरठी म्हणत. गावगाड्यातील बलुतेदारांपैकी तो एक. गावाचे कपडे नदीवर नेऊन धुवावेत, सुगी आली म्हणजे खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य पदरात घ्यावे, लग्नकार्यात नवरदेवापुढे पायघड्या अंथराव्यात, असा त्याचा परंपरागत व्यवसाय व मान. बाळंतिणीचे आणि सुतकातले कपडेही त्याच्याच ओझ्यात येत. ज्या वस्त्राला घरचे माणूस हात लावावयास कचरते, ते वरठ्याने धुवून शुद्ध करावे आणि शुद्ध करणाऱ्यालाच समाजाने कमी लेखावे, ही विसंगती आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या मुकाट्याने सोसली. मळ काढणाऱ्याचा मान मोठा की मळ करणाऱ्याचा, हा प्रश्न त्या काळी कोणी मोठ्याने विचारला नव्हता.

बाबांच्या जन्मकाळचा वऱ्हाड वरून संपन्न दिसे. १८५३ साली हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावती, खामगाव, अकोला येथील बाजार गजबजले. परंतु युद्ध संपताच भाव उतरला. त्याच सुमारास नव्या जमाबंदीने खातेदाराला जमिनीवरचा हक्क विकण्याची व गहाण टाकण्याची मुभा मिळाली होती. जमीन गहाण पडू शकते असे दिसताच सावकाराची वही कास्तकाराच्या दारात आली. निरक्षर माणसाने अंगठा उठवावा आणि कागदावर काय लिहिले आहे ते सावकारालाच ठाऊक असावे, असा हा व्यवहार होता. त्यातच १८९६–९७ आणि १८९९–१९०० या सालांच्या भीषण दुष्काळांनी प्रांताची उरलीसुरली शक्ती शोषून घेतली. लग्न, बारसे, तेरवी, देवाचा नवस या प्रत्येक प्रसंगी ज्ञातिभोजन घातलेच पाहिजे, त्यात बोकड आणि दारू असलीच पाहिजे, आणि त्यासाठी कर्ज काढले तरी चालेल, ही रूढी मात्र दुष्काळातही ढळली नाही.

दापुऱ्याचे दिवस

अशा काळात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झिंगराजी जानोरकर आणि सखुबाई यांच्या पोटी डेबूजीचा जन्म झाला. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले. घर खालावत गेले आणि १८८४ साली व्यसनानेच त्यांचा बळी घेतला. आठ वर्षांच्या पोराला घेऊन सखुबाई अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे माहेरी आली. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या घरी शेती होती, गुरे होती. डेबूजीला शाळा मिळाली नाही. गुरे राखणे, गोठा झाडणे, नांगर धरणे, पिकाला राखण करणे हेच त्याचे शिक्षण झाले. त्या कामांत त्याचा हात असा बसला की दापुऱ्यात त्याच्यासारखा कष्टाळू तरुण विरळा, असा लौकिक झाला.

दिवसभराच्या कष्टानंतर गावात रात्री भजन होई. टाळ आणि मृदंगाच्या साथीने तुकोबांचे, कबीराचे बोल कानावर पडत. डेबूजीला अक्षरओळख नव्हती, परंतु कान तीक्ष्ण होता आणि स्मरण दांडगे होते. जे ऐकावे ते पाठ व्हावे, जे पाठ झाले ते गावे, आणि जे गावे त्याचा अर्थ आपल्या शेतातल्या अनुभवाशी ताडून पाहावा, अशी त्याची रीत पडली. कोणत्याही उस्तादाकडे तो शिकला नाही. गावच्या भजनाची फडताळात न ठेवलेली विद्या हीच त्याची विद्या.

या दिवसांतच त्याच्या घरावर दुसरा घाव पडला. मामा सावकाराच्या व्यवहारात गुंतले. निरक्षरपणाचा फायदा घेऊन शेत हिरावले गेले आणि त्या धक्क्याने मामा खचून मरण पावले. चरित्रकार सांगतात की शेताचा ताबा घ्यावयास सावकार आला तेव्हा डेबूजी औत सोडून बाजूला झाला नाही. घाम गाळलेली जमीन अशी सोडणार नाही म्हणून तो तेथेच उभा ठाकला. वाचकांनी येथे क्षणभर थांबून हिशेब करावा. बापाला दारूने नेले. मामाला कर्जाने आणि निरक्षरतेने नेले. पुढे पन्नास वर्षे बाबांच्या कीर्तनात जे विषय फिरून फिरून आले, म्हणजे दारू सोडा, कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, हे कोणत्याही ग्रंथातून उचललेले नव्हते. ते आपल्याच ज्ञातीतील एका घराच्या राखेतून उचललेले होते.

१८९२ साली डेबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. पुढे मुलगी झाली. बारशाला ज्ञातिबांधव जमले. रूढीप्रमाणे बोकड कापून दारू पाजावयाची होती. डेबूजीने तसे न करता सर्वांना गोडधोडाचे जेवण वाढले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु ज्या काळी ज्ञातीचा शब्द मोडणाऱ्याला वाळीत टाकीत, त्याच्या घरचे पाणी बंद करीत, त्याच्या मुलांची सोयरीक मोडीत, त्या काळी भरल्या पंगतीत रूढी मोडणे ही लहान गोष्ट नव्हती. बाबांची समाजसुधारणा पंढरपुरात किंवा मुंबईत सुरू झाली नाही. ती आपल्या ज्ञातीच्या पंगतीत आणि आपल्या ज्ञातीच्या विरोधात सुरू झाली. हे सत्य आपण स्मरणिकेत लिहून ठेवले पाहिजे, कारण गौरवाच्या भरात नेमके तेच विसरले जाते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. पुढील बारा वर्षे तो अनवाणी भटकला. मिळेल ते काम करावे, कोणाचे लाकूड फोडून द्यावे, कोणाचे अंगण झाडावे, आणि मोबदल्यात भाकरीचा तुकडा घ्यावा. खाण्यासाठी मडक्याचे खापर जवळ असे, म्हणून लोक त्याला गाडगेबुवा, गाडगेबाबा म्हणू लागले.

कीर्तनाची नवी रीत

बाबांच्या कीर्तनाचे वेगळेपण कळावयाचे तर आधी कीर्तनाची रूढ घडण ध्यानी घेतली पाहिजे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखादा अभंग वा श्लोक घेऊन त्याचे निरूपण, उत्तररंगात पुराणातील वा संतचरित्रातील आख्यान. बुवांचा वेश ठरलेला, साथीला पेटी आणि तबला, हाती चिपळ्या. वारकरी कीर्तनात वीणेकरी, टाळकरी आणि मृदंग असून संतवचनाच्या बाहेर जावयाचे नाही असा दंडक. दोन्ही परंपरा थोर आहेत. महाराष्ट्राचे मन त्यांनी घडविले. परंतु दोन्ही ठिकाणी बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक, हीच व्यवस्था असते. श्रोत्याने मान डोलवावी, डोळे पुसावेत, घरी जावे.

बाबांनी ही व्यवस्था उलटी केली. त्यांच्या कीर्तनाचा आरंभ संध्याकाळी होत नसे, सकाळी होई. गावात येताच ते कोणालाही न सांगता खराटा घेऊन रस्ता, चावडी, पाणवठा झाडावयास लागत. कोण हा वेडा, म्हणून लोक पाहत राहत. मग एक जण लाजून टोपली उचली, दुसरा फावडे आणी, आणि दुपारपर्यंत अर्धे गाव कामाला लागे. रात्री कीर्तन त्याच झाडलेल्या जागेवर होई. श्रोता आपल्या हाताने स्वच्छ केलेल्या जमिनीवर बसे. त्यामुळे जे पुढे सांगितले जाई ते त्याला परके वाटत नसे; त्याचा अर्धा भाग त्याने दिवसा करूनच टाकलेला असे.

कीर्तन सुरू होई ते देवकीनंदनाच्या नावाच्या गजराने. त्यात गायकी नव्हती, ताना नव्हत्या. एक साधी धून, चार शब्दांची, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या खेपेस म्हणता येई. बाबा सुरुवात करीत, समुदाय झेलून घेई, टाळीचा ठेका धरला जाई, हळूहळू लय वाढे आणि मागे उभ्या असलेल्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या बायाही त्या घोषात मिसळून जात. मग बाबा एकदम थांबत. त्या शांततेत प्रश्न येई.

हे प्रश्न अत्यंत साधे असत. देव कुणी पाहिला आहे काय? दगडाच्या देवापुढचा नैवेद्य कुत्र्याने पळविला तर देव त्याला हाकलतो काय? बोकड कापून पोर जगते काय? सावकाराचे देणे असताना तीर्थाला गेल्याने ते फिटते काय? समुदायाने 'नाही' म्हणावे, मग 'अजून मोठ्याने' म्हणून बाबांनी पुन्हा वदवावे. कोठे हशा पिके, कोठे एकदम सगळे गप्प होत. स्त्री आणि पुरुष याखेरीज माणसांत तिसरी जात कोणती, हा त्यांचा प्रश्न तर सर्वश्रुत आहे. उत्तर बाबा देत नसत. उत्तर लोक देत. आणि ते एकट्याने, घराच्या कोपऱ्यात नव्हे, तर शेजारी, सोयरे, पाटील, सावकार आणि ज्ञातीचे पंच यांच्यासमक्ष मोठ्याने देत. उत्तर देऊन झाले की लगेच पुन्हा तोच गजर उठे.

या रचनेचे मर्म येथे आहे. गजर हा बाबांच्या कीर्तनात केवळ भक्तीचा उद्गार नव्हता. आधीच्या गजराने माणसे एकजीव होत आणि भीती मोडे. मग प्रश्न येई. उत्तरानंतरच्या गजराने त्या उत्तराला देवाची साक्ष मिळे. चारचौघांत देवाच्या नावाने जे कबूल केले ते दुसऱ्या दिवशी मोडणे माणसाला जड जाते. लेखी प्रतिज्ञा निरक्षर माणसाला काय कामाची? बाबांनी तिची जागा गाण्याला दिली. जे काम सभा-संमेलनांच्या ठरावांनी होत नव्हते ते एका धुनीने होई, याचे कारण हे आहे.

भाषा वऱ्हाडी. ग्रंथातले शब्द नाहीत. दाखले शेतातले, चुलीपाशीचे, बाजारातले. मुलाला शाळेत घालण्यासाठी पैसा नसेल तर जेवणाचे ताट मोडा आणि हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, परंतु पोराला शिकविल्यावाचून राहू नका, हा त्यांचा उपदेश कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याच्या परिपत्रकापेक्षा खोल रुजला. राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. आंबेडकर यांचे उदाहरण देऊन ते आईबापांना विचारीत की तुमचे लेकरू असे का होणार नाही?

आणखी एक गोष्ट. कीर्तनकाराला बिदागी देण्याची चाल जुनी आहे. बाबांनी बिदागी घेतली नाही. पायांवर डोके ठेवू दिले नाही. कोणी वाकला तर काठी उगारीत. कीर्तन संपता संपता, लोक गजरात रंगलेले असतानाच, ते अंधारात निघून जात. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते निक्षून सांगत. अशा रीतीने ज्याला काहीच नको, त्याचे बोलणे ऐकणाऱ्याला संशय घ्यावयास जागा उरत नाही.

या निरिच्छतेची कठोर परीक्षा १९२३ साली झाली. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. हा प्रसंग वैराग्याचा दाखला म्हणून नेहमी सांगतात. परंतु घरी ऋणमोचनच्या झोपडीत बसलेल्या कुंताबाईंचा विचारही आपण केला पाहिजे. त्या माउलीने नवरा समाजाला दिला होता, आता मुलगाही गेला, आणि कोणत्याही धर्मशाळेच्या शिलेवर तिचे नाव नाही. बाबांच्या कार्याची किंमत ज्या एका घराने मोजली ते हे घर होते.

कीर्तनातून विटा-चुन्याकडे

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. येथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. नावाचा अर्थ स्पष्ट आहे: येथे स्नान केले असता माणूस ऋणातून मुक्त होतो अशी श्रद्धा. ज्याचे घर ऋणाने बुडाले त्या डेबूजीने आपले पहिले मोठे कार्य याच ठिकाणी करावे, हा योग विलक्षण होय. यात्रेकरू नदीच्या चिखलात घसरत, बायामाणसे पडत. बाबांनी प्रवचन न करता मातीची पाटी उचलली. लोक सामील झाले आणि १९०८ साली तेथे घाट उभा राहिला. ऋण फिटते ते स्नानाने नव्हे, चार माणसांच्या अडचणीला हात लावल्याने, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे याच यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांना अन्न आणि वस्त्र देण्याचा परिपाठ त्यांनी आयुष्यभर चालविला.

त्यानंतर कीर्तनाच्या पाठोपाठ इमारती उठू लागल्या. १९१७ साली पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा झाली. ज्या अस्पृश्य वारकऱ्यांना विठोबाच्या दारी यावयाचे परंतु रात्र काढावयास छप्पर मिळत नसे, त्यांच्यासाठी ती होती. १९२५ साली मूर्तिजापूर येथे गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय यांचे कार्य सुरू झाले. नाशिक, देहू, आळंदी या क्षेत्रीही धर्मशाळा झाल्या. मुंबईसारख्या शहरात खेड्यातून उपचाराला आलेल्या रोग्याचे आप्त फूटपाथवर झोपतात हे पाहून जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ साली धर्मशाळा उभारली गेली. ज्याने आयुष्यात मंदिराचा पायरीदगड चढून विठोबापुढे डोके टेकविण्याचा आग्रह धरला नाही, त्याने विठोबाच्या गावात माणसासाठी घरे बांधली.

या सर्व संस्थांसाठी लक्षावधी रुपये जमले ते कीर्तनांतून आणि कीर्तनाने हललेल्या धनिकांकडून. परंतु बाबांनी पैशाला स्वतः हात लावला नाही. हिशेब विश्वस्तांचा, काम लोकांचे. आपण बांधलेल्या धर्मशाळेत ते राहत नसत. झाडाखाली किंवा झोपडीत पडत. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्रीगाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन या संस्थांना व्यवस्थेचे रूप आले. आपल्या नातलगांचा यांवर काडीचा हक्क नाही, हा त्यांचा दंडक होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्याशी त्यांचा स्नेह जुळला. कऱ्हाड येथे रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचे नाव आहे. ज्याला स्वतःला सही करता येत नव्हती त्याचे नाव महाविद्यालयाच्या पाटीवर यावे, यापेक्षा शिक्षणाचा मोठा गौरव कोणता?

शेजारची खंजिरी

वऱ्हाडच्या मातीत हे पीक एकाकी आले असे मात्र समजू नये. अमरावती जिल्ह्यातीलच यावली येथे १९०९ साली जन्मलेले माणिक इंगळे, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, यांनी खंजिरीच्या तालावर तेच कार्य वेगळ्या अंगाने केले. बाबांच्या कीर्तनात प्रश्नोत्तर मुख्य, तर तुकडोजींच्या भजनात स्वर आणि ठेका मुख्य. बाबांनी पद रचले नाही, तुकडोजींनी मराठी व हिंदी भजने विपुल रचली आणि १९५५ साली ग्रामगीता पूर्ण केली. त्यांनी १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या चळवळीत चिमूर-आष्टी परिसरात जे उठाव झाले त्यांमागे त्यांच्या भजनांची प्रेरणा मानली जाते, आणि त्या वर्षी सरकारने त्यांना अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले.

दोघांच्या जाती निराळ्या, वाद्ये निराळी, वयात तेहेतीस वर्षांचे अंतर. परंतु दोघांनीही खेडुताच्या ओळखीचे गाणे घेतले आणि त्यात अनोळखी विचार भरला. चाल जुनी असल्यामुळे कान बिचकत नाही, आणि कान बिचकला नाही म्हणजे विचार आत शिरतो. कापसाच्या बाजारासाठी ओळखला जाणारा हा प्रांत या दोन गळ्यांमुळे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे.

आपला वारसा

आता आपल्या ज्ञातीकडे वळू. बाबा आमचे, असे आपण अभिमानाने म्हणतो. या म्हणण्यात असत्य काही नाही. परंतु बाबांनी कोठेही आपण अमुक जातीचे म्हणून मान घेतला नाही. जात विचारणाऱ्याला त्यांनी कधी सरळ उत्तर दिले नाही. पंढरपुरात जी धर्मशाळा सर्वांत तळाशी गणलेल्यांसाठी बांधली, ती १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतःच्या घामाने उभी केलेली वास्तू स्वतःच्या ज्ञातीला न देता तिची अधिक गरज असलेल्यांना देणारा हा पुरुष आहे. अशा पुरुषावर ज्ञातीने हक्क सांगावयाचा तर तो कोणत्या आधारावर?

आमच्या मते आधार एकच आहे, आणि तो जन्माचा नव्हे. ज्या दुःखांनी बाबांना घडविले ती दुःखे आपल्या घरांतली होती. झिंगराजींची दारू, चंद्रभानचा अंगठा, बारशाची पंगत. म्हणून त्यांचे कीर्तन ऐकण्याचे पहिले कर्तव्य आपले. ज्याने आपल्याच पंगतीत उठून रूढी मोडली, त्याची तसबीर लावून तीच रूढी चालू ठेवावयाची, हा त्याचा गौरव नसून उपहास होय.

बलुत्याची पद्धत गेली. नदीकाठचे धुण्याचे दगड मोकळे पडले. इस्त्रीच्या दुकानापासून सरकारी कचेरीपर्यंत आपली मुले पोहोचली, कित्येक जण डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक झाले. हे सर्व आनंदाचे आहे. परंतु कर्जाने गेलेले घर आणि दारूने गेलेला बाप ही दोन चित्रे आपल्या वस्त्यांतून नाहीशी झाली असे कोण म्हणू शकेल? लग्नाचा मंडप मोठा व्हावा म्हणून शेत गहाण पडते, तेरवीच्या जेवणासाठी हातउसने काढले जातात, आणि त्याच घरातील मुलीचे शिक्षण खर्चाच्या नावाखाली बारावीला थांबते. सावकाराच्या वहीची जागा आता पतसंस्थेच्या नोटिशीने आणि हप्त्याच्या कागदाने घेतली आहे, एवढाच फरक.

म्हणून ज्ञातीच्या मेळाव्यात बाबांची आरती करण्याऐवजी त्यांच्या रीतीने प्रश्न विचारावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. गेल्या वर्षात कर्ज काढून किती लग्ने झाली? किती घरांतील मुली शाळेतून उठल्या? विधवा भगिनीला पंगतीत आणि हळदीकुंकवात कोणी बाजूला बसविले? उत्तरे व्यासपीठावरून नकोत, समोरच्या समुदायातून यावीत. आणि समाजाच्या वर्गणीतून विद्यार्थ्यांसाठी जी खोली बांधली जाईल, तिच्यात दुसऱ्या ज्ञातीच्या गरीब मुलालाही एक चटई असावी. चोखामेळा धर्मशाळा बांधणाऱ्याच्या नावे चालणाऱ्या वास्तूला याहून कमी शोभणार नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले असून ते आजही ऐकावयास मिळते. आपल्या मुलामुलींना ते अवश्य ऐकवावे, कारण तसबीर जे सांगू शकत नाही ते त्यातला आवाज सांगतो. ऐंशी वर्षांच्या थकलेल्या छातीतून निघणारा तो गजर, मध्येच थांबून टाकलेला प्रश्न, आणि समुदायाचे ते एकमुखी उत्तर त्यात आहे. पुढे अवघ्या सहा आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. डॉ. आंबेडकर ६ डिसेंबरला गेले होते. महाराष्ट्राने पंधरा दिवसांत आपले दोन आधार गमावले. अमरावतीत ज्या भागात बाबांची समाधी आहे तो गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. राज्य शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

शासनाने आणि विद्यापीठाने आपापल्या परीने ऋण मान्य केले. २०२६ साली बाबांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण होत असता ज्ञाती म्हणून आपल्या खात्यावरची बाकी आपणच पाहावयाची आहे. ती पुष्पहाराने फिटणारी नाही. एका घराने कर्जाविना लग्न केले, एका बापाने बाटली टाकली, एका मुलीने पदवी घेतली, म्हणजे त्या बाकीतील एक एक रक्कम वजा होईल. ज्ञातिबंधू-भगिनींनी येत्या वर्षात आपल्या घरी अशी एक तरी रक्कम वजा करावी, एवढीच या पानावरून विनंती.